पेन्शनरांचा फावला वेळ आणि आपली मुले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळातल्या कोणीतरी चार शब्द बोलावे ही आपली जुनी रीत. आजवर हे काम शिकलेल्या भगिनींकडे असे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी सातवी शिकलेली. माझे माहेर शिरूर तालुक्यात, पाबळच्या अंगाला. गावात शाळा सातवीपर्यंतच होती, हायस्कूल लांब, आणि पावसाळ्यात वाटेतला ओढा मुलींना ओलांडू देत नसत. तेथेच माझे शिक्षण थांबले. पुढे लग्न होऊन दौंडला आले आणि इथलीच झाले. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून व्हायचे नाही. पण नववी-दहावीच्या मुलांची मी आई आहे, आणि आपल्या आळीत गेली सात वर्षे जे चालले आहे ते मी रोज पाहते. तेवढेच आज सांगणार आहे. शेवटी मंडळापुढे एक मागणे ठेवणार आहे, तेव्हा हळदीकुंकवाची घाई न करता ऐकून घ्यावे.

आपले दौंड हे पेन्शनरांचे गाव आहे. भीमेच्या काठचे हे गाव मोठे झाले ते रेल्वेमुळे. मनमाडची लाइन इथे फुटते, बारामतीची फुटते, आणि रात्री-अपरात्री शिट्टी ऐकल्याशिवाय आपल्याला झोपही लागत नाही. घरोघर कोणी ड्रायव्हर, कोणी तिकीट तपासनीस, कोणी लोको शेडमधला फिटर. त्याशिवाय राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट इथे आहेत, त्यांतून निवृत्त झालेले जवान आहेत. शिक्षक आहेत, पोस्टातले आहेत, दवाखान्यातल्या नर्सबाई आहेत. राज्य सरकारचा बहुतेक नोकरवर्ग ५८व्या वर्षी घरी येतो, रेल्वेचा ६०व्या वर्षी. माणूस धडधाकट असतो, डोके शाबूत असते. पहिले सहा महिने आराम, देवदर्शन, मुलीच्या घरी चार दिवस असे होते. पुढे काय? वर्तमानपत्र दोनदा वाचून होते. स्टेशनजवळच्या बाकावर बसून कोणती गाडी किती उशिरा आली याचा हिशेब होतो. आणि घरात बसले तर, आपण सगळ्या जाणतोच, डाळीला फोडणी कशी द्यावी याचे मार्गदर्शन सुरू होते!

हसण्यावारी नेऊ नका. चाळीस वर्षे ज्याच्या शब्दावर गाडी सुटली त्याला उद्यापासून कोणी काही विचारीत नाही, हे दुःख लहान नव्हे. दर नोव्हेंबरात ही मंडळी बँकेत हयातीचा दाखला द्यावयास रांग लावतात. मी हयात आहे असे कागदावर लिहून द्यावयाचे, म्हणजे पेन्शन चालू राहते. बँकेला तेवढ्याने चालते. पण गावाला आपण हयात असल्याचे कळावे असे कोणाला वाटत नसेल?

आता दुसरीकडे पाहू. आठवीपर्यंत मूल कायद्याच्या आधाराने शाळेत राहते. २००९ साली झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. खरी ओढाताण लागते ती नववीला. गणित अवघड होते, इंग्रजी पळू लागते, आणि ज्या घरात दहावी झालेले कोणीच नाही तेथे मुलाने विचारावे कोणाला? त्यात आणखी एक गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. आज जी मुले नववी-दहावीत आहेत, ती २०२० साली करोनाने शाळा बंद झाल्या तेव्हा चौथी-पाचवीत होती. भागाकार आणि अपूर्णांक पक्के करावयाचे तेच वय. शाळा मोबाइलवर आली आणि घरात मोबाइल एक. तो वडिलांबरोबर कामावर जाई. मुले वर्गामागून वर्ग चढली, पण पाया कच्चा राहिला. वरचा मजला आता डुगडुगतो आहे, आणि आपण मुलांना आळशी म्हणतो.

शिकवणीचे वर्ग आहेत, कोणी नाही म्हणत नाही. ज्याला फी परवडते त्याने जरूर घालावे. पण तिथे एकेका वर्गात तीस-चाळीस मुले असतात, आणि ज्याला पाढेच येत नाहीत तो तिथेही मागच्याच बाकावर बसतो. अशा मुलाला वेगळे काही हवे असते. आपले नाव ठाऊक असलेले, आज का आला नाहीस असे विचारणारे, आणि एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तरी न रागावणारे एखादे मोठे माणूस त्याला हवे असते. असे माणूस आपल्या आळीत निघाले.

त्यांचे नाव मी घेणार नाही, कारण ते त्यांना आवडायचे नाही. आपण सगळ्या त्यांना गार्डकाका म्हणतो, मुले गार्डआजोबा म्हणतात. रेल्वेने २०२२ साली गार्ड हा शब्द बदलून ट्रेन मॅनेजर असे नवे नाव केले, पण आमच्या आळीत ते गार्डकाकाच राहिले. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षे झाली. पहिली पाच वर्षे त्यांचीही इतरांसारखीच गेली. सात वर्षांपूर्वी माझी थोरली मुलगी वेग, वेळ आणि अंतर यांच्या उदाहरणापाशी अडून रडकुंडीला आली होती. मला ते येणे शक्य नव्हते. काका ओट्यावर बसले होते. मी म्हटले, "काका, गाड्यांचेच आहे, जरा बघता का?" त्यांनी वहीतले उदाहरण बाजूला ठेवले आणि तिला विचारले, "पुण्याची शटल इथे यायला किती वेळ लागतो?" ती म्हणाली, दीड तास. "अंतर धर ७५ किलोमीटर. मग तासाला किती झाले?" मुलीने बोटांवर हिशेब केला आणि ५० म्हणाली. "झाले की तुझे गणित. पुस्तकवाल्याने फक्त गाडीचे नाव बदलले आहे."

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन गेली. महिनाभरात ओट्यावर सहा मुले झाली. यंदा चौदा आहेत, आठवी ते दहावीची.

काका शिकवतात कसे हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे हे काम ज्यांनी हाती घ्यावे असे मला वाटते त्यांच्या ते उपयोगी पडेल. पहिली गोष्ट वेळेची. साडेपाच म्हणजे साडेपाच. एक मिनिट उशीर झाला तर काका म्हणतात, "गाडी सुटली, आता पुढच्या स्टेशनात पकड," आणि त्या मुलाला शेवटी थांबवून राहिलेले सांगतात. रागावणे नाही, पण सवलतही नाही. दुसरी गोष्ट, नवीन मूल आले की ते दहावीचे पुस्तक उघडतच नाहीत. पाढे, भागाकार, अपूर्णांक, असे मागे मागे जात कुठे रूळ तुटला आहे ते शोधतात. एका नववीतल्या मुलाला त्यांनी तीन आठवडे चौथीचे गणित करावयास लावले, पण इतरांना कळू न देता, त्याच्या वेगळ्या वहीत. मुलाची अब्रू राखणे हा शिकवण्याचा अर्धा भाग आहे असे ते म्हणतात. तिसरी गोष्ट, स्वतः सोडवून दाखवीत नाहीत. मुलाच्या हाती खडू देतात आणि आपण गप्प बसतात. हे गप्प बसणे फार कठीण असते म्हणे. आपण भाकरी थापावयास मुलीला शिकवतो तेव्हा दोन मिनिटांत तिच्या हातून पीठ ओढून घेतोच की नाही? तसेच ते आहे.

आणि चौथी गोष्ट, त्यांना जे येत नाही ते येत नाही असे ते मुलांसमोर सांगतात. नव्या पुस्तकातले विज्ञान त्यांना नीट उमजत नाही. मग ते हायस्कुलातल्या शिक्षकांना जाऊन विचारतात आणि दुसऱ्या दिवशी मुलांना सांगतात. सत्तरी ओलांडलेला मनुष्य शंका विचारावयास शाळेत जातो हे पाहून मुलांचीही हात वर करण्याची लाज गेली. शाळेतल्या शिक्षकांनाही आपल्यावर कोणी पर्यवेक्षक आला असे वाटले नाही. उलट त्यांनी जुन्या प्रश्नपत्रिका देऊ केल्या.

काका पैसे घेत नाहीत. एका बाईने दिवाळीला धोतरजोडी नेऊन दिली, ती त्यांनी परत केली आणि सांगितले, "त्याऐवजी मुलाला रात्री आठनंतर दूरदर्शन लावू नका." हा मोबदला त्या बाईला धोतरजोडीहून महाग पडला!

आता जे खरे सांगावयाचे आहे ते सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या पलीकडच्या चाळीतली एक मुलगी दहावीला गणितात गेली. नाव कशाला घ्यावे? आई भाजीच्या गाड्यावर, वडील कुरकुंभच्या कारखान्यात हंगामी कामाला. निकाल लागला त्याच आठवड्यात घरात स्थळाची बोलणी सुरू झाली. मुलगी सोळा वर्षांची. अठरा वर्षांच्या आत लग्न करणे हा गुन्हा आहे हे त्या घरालाही ठाऊक होते. पण "नुसते ठरवून ठेवू, करू नंतर" असे म्हणत म्हणत काय होते ते आपण पाहिलेले आहे. काका आणि काकू त्यांच्या घरी गेले. मीही बरोबर होते. काकांनी कायदा काढला नाही, उपदेश केला नाही. ते एवढेच म्हणाले, "एका विषयात राहिली आहे. पुरवणी परीक्षा याच वर्षी आहे, तिची वाट पाहावी लागत नाही. तोवर ती रोज माझ्याकडे येऊ द्या. तुमचे काही जात नाही." वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "येऊ दे."

पुरवणी परीक्षेत तिला ४१ गुण पडले. पास व्हावयास ३५ लागतात. सहा गुण जास्तीचे, पण त्या सहा गुणांनी तिचे सगळे दिवस बदलले. स्थळाची गोष्ट मागे पडली. बारावी झाली, आणि आज ती नर्सिंगचे शिक्षण घेते आहे. परवा ती सुट्टीत आली होती तेव्हा तिच्या वडिलांनी चौकात चार जणांना सांगितले की मुलगी इंजेक्शन देते. तेच वडील!

पण सगळेच असे गोड होत नाही. एक मुलगा होता, हिशेबात तल्लख. वडील वारले, आणि नववीच्या मध्येच तो हायवेच्या हॉटेलात कामाला लागला. काका दोनदा हॉटेलावर गेले, मालकाशी बोलले, आईशी बोलले. उपयोग झाला नाही. घरात खाणारी तोंडे चार होती. काकांच्या हजेरीच्या वहीत त्याचे नाव अजून आहे. दर महिन्याला नवीन पान आखताना ते त्याचे नाव लिहितात आणि पुढचे चौकोन मोकळे ठेवतात. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "गाडी लेट आहे, रद्द झालेली नाही."

भगिनींनो, हे नुसते आमच्या दौंडातच होते असे समजू नका. माझी धाकटी बहीण शिरूरला असते, घोडनदीच्या बाजूला. तिच्या शेजारी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई राहतात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे तिथे बाहेरगावची पुष्कळ कुटुंबे आलेली आहेत, मराठवाड्यातली, विदर्भातली, काही तर हिंदी मुलखातली. त्या मुलांना मराठी पुस्तकातले विज्ञान समजत नाही. नर्सबाई संध्याकाळी आपल्या बाहेरच्या खोलीत मुलींना विज्ञान सांगतात. हृदय, फुप्फुस, रक्ताभिसरण हे त्यांच्याइतके कोण सांगेल? आणि त्याच ओघात त्या मुलींना पाळी, रक्तक्षय, जेवणात काय असावे हेही सांगतात. आईला विचारावयास मुलगी लाजते, मास्तरांना तर विचारणे शक्यच नसते. माझ्या बहिणीची मुलगी तिथे जाते, आणि तिच्या ताटात आता पालेभाजी न सांगता उरत नाही.

तेव्हा निवृत्त म्हणजे पुरुषच असे धरू नये. आपल्यातल्या शिक्षिका, नर्सबाई, अंगणवाडीच्या ताई, याही निवृत्त होतात. आपण गृहिणी तेवढ्या कधी निवृत्त होत नाही, आणि आपल्याला पेन्शनही नाही, ती गोष्ट वेगळी!

माझ्या माहेरच्या मुलखातले एक मोठे उदाहरण तुम्हाला सांगितले पाहिजे. पाबळ म्हटले की लोकांना मस्तानीची समाधी आठवते. आम्हा जवळपासच्या गावांना आणखी एक नाव आठवते, ते डॉ. श्रीनाथ कलबाग यांचे. हे मोठे शास्त्रज्ञ. अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट केलेले, मुंबईला हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर असलेले. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९८३ साली पत्नीसह पाबळला येऊन विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्यातल्या, जे. पी. नाईक आणि चित्राताई नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेचा त्यांना आधार होता. पाबळच का? तर गाव कोरडवाहू, पाऊस कमी, सोयी कमी. इथे जमले तर कुठेही जमेल, हा त्यांचा हिशेब.

त्यांनी जवळ केली ती शाळेतून गळालेली मुले. ज्यांना गावाने नापास म्हणून बाजूला टाकले होते, त्यांच्या हाती वेल्डिंगचे यंत्र दिले, जमिनीखालच्या पाण्याचा अंदाज घेण्याचे उपकरण दिले, आणि काम करता करता त्यामागचे शास्त्र शिकवले. पुढे हीच पद्धत हायस्कुलात गेली. मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करावयाचे, त्यात चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. एस.एस.सी. बोर्डाने हा विषय आठवी ते दहावीसाठी मान्य केला. यात मुलींचे वेगळे आणि मुलांचे वेगळे असा भेद नाही. मुली जोडकाम करतात, मुले स्वयंपाक शिकतात, आणि रक्तातले हिमोग्लोबिन तपासावयास दोघेही शिकतात. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेच्या मदतीने तिथे फॅब लॅब नावाची अद्ययावत कार्यशाळा झाली. परदेशातल्या संस्थेने आपल्या आवाराबाहेर उभी केलेली ही पहिली, आणि ती कुठे, तर आमच्या पाबळला! डॉक्टर २००३ साली गेले, पण आश्रम चालू आहे.

वीस वर्षे. मोठ्या पगाराचा मनुष्य वीस वर्षे आमच्या धुळीत राहिला. मी लहान असताना मोठी माणसे म्हणत, हा मुंबईचा साहेब कशाला आला इथे? आता कळते, तो नापास पोरांसाठी आला होता.

त्याही आधीचे उदाहरण महर्षी कर्वे यांचे. फर्ग्युसन कॉलेजातून गणिताचे प्राध्यापक म्हणून ते १९१४ साली निवृत्त झाले. एखाद्याने म्हटले असते, झाले आपले काम. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. आणि १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षणाचे मंडळ स्थापिले आणि त्यासाठी स्वतः वर्गणी गोळा करीत हिंडले. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. आपल्या गावच्या पेन्शनरांनी विद्यापीठ काढावे असे मी म्हणत नाही. आठवड्यातून चार संध्याकाळी दीड तास द्यावा, एवढेच म्हणते.

ज्यांना शिकवणे जमत नाही त्यांनाही काम आहे. कचेरीत जन्म घालवलेल्या माणसाला अर्ज भरता येतो, आणि आपल्या गरीब घरांचे अडते ते अर्जापाशी. आता पाहा, आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी किंवा अनुदानित शाळेतले मूल असावे आणि आईबापांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, पुढच्या वर्गांत गुण राखले म्हणजे झाले. किती घरांना हे ठाऊक आहे? दहावीला एका-दोन विषयांत गेलेल्या मुलाला एटीकेटीवर अकरावीला बसता येते, हे किती बापांना माहीत असते? दहावीनंतर आयटीआय असते, तंत्रनिकेतनाची पदविका असते. आणि ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. हा फॉर्म वयाने मोठ्या माणसांनाही भरता येतो. काकांनी एकदा तो मलाही दाखवला होता. मी हसून पोळ्या लाटावयास गेले. पण ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे, तिथे ८ मार्च २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरू लागली, साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेऊन बसल्या. ते मोबाइलवर पाहिल्यापासून तो फॉर्म माझ्या डोक्यातून जात नाही, हेही खरे.

आता शंकांचे बोलू. बायका मला म्हणाल्या, मुली वयात आलेल्या, परक्या माणसाच्या घरी संध्याकाळच्या पाठवावयाच्या कशा? ही शंका मी मोडून काढणार नाही. ती रास्त आहे. आईने सावध असलेच पाहिजे, मग समोर कितीही मोठा मनुष्य असो. गार्डकाकांनाच हे आधी सुचले. त्यांनी वर्ग कधी आतल्या खोलीत घेतला नाही. ओट्यावर, येत्याजात्याला दिसेल असा घेतला, आणि काकू दाराशी सुपात डाळ निवडीत बसत. काकू माहेरी गेल्या की मला किंवा दुसऱ्या कोणाला बोलावून बसवीत. एकट्या मुलीला कधी थांबवले नाही. हा नियम कोणाच्या चारित्र्यावर संशय म्हणून नव्हे. यामुळे मुलगी निर्धास्त, आई निर्धास्त, आणि शिकवणाऱ्यावरही कोणाला बोट दाखवता येत नाही. पुढे जो कोणी हे काम करील त्याच्यासाठीही हाच नियम असावा, आणि तो पाळण्याचे काम आपण बायकांचे.

दुसरी शंका, आम्हाला काही येत नाही, आम्ही तिथे बसून काय करणार? मीही सातवीच शिकले आहे. सात वर्षे ओट्याच्या कडेला भाजी निवडता निवडता मला एवढे कळले की मूल खरोखर लिहिते आहे की नुसते पेन फिरवते आहे, हे ओळखावयास बीजगणित यावे लागत नाही. आणि नुसते एक मोठे माणूस समोर बसले आहे, एवढ्यानेही मूल बसते.

आता माझे मागणे. काकांचे वय बहात्तर झाले. डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, काकूंना गुडघ्यांनी जिना चढवत नाही. मुलगा पुण्याला आहे, तो फार दिवस बोलावतो आहे, आणि या दिवाळीनंतर दोघे तिकडे जाणार हे आता ठरले आहे. त्यांना थांबवण्याचा आपल्याला हक्क नाही. त्यांनी सात वर्षे दिली. पण चौदा मुले आहेत, त्यांतली पाच दहावीला आहेत, आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चला उभी आहे. दिवाळीनंतर तो ओटा रिकामा झाला तर ही पाच मुले ऐन वेळी उघडी पडतील.

म्हणून मंडळाने तीन गोष्टी कराव्या. पहिली, आपली ही खोली सोमवार ते गुरुवार साडेपाच ते सात मुलांना द्यावी. भजन आणि शिवणवर्ग त्या वेळी नसतात, मी पाहून ठेवले आहे. दुसरी, रोज आपल्यापैकी दोघींनी पाळीने तिथे बसावे, आपले विणकाम, निवडटिपण घेऊन. दार उघडे, दिवा लावलेला. तिसरी, प्रत्येकीने आपल्या घरात आणि शेजारी नजर टाकावी. कोण निवृत्त आहे, कोणाला गणित येते, कोणाला इंग्रजी, कोणाला अर्ज भरता येतात, याची यादी करून येत्या सभेला आणावी. जो मनुष्य आपल्याला डाळीची फोडणी शिकवतो, त्याला म्हणावे, अहो, ही विद्या चौदा मुलांना हवी आहे! एकावर भार टाकू नये. चौघांनी एकेक दिवस घेतला तर कोणाला जड जाणार नाही. काका जाण्यापूर्वी पंधरा दिवस नव्यांबरोबर बसावयास तयार आहेत आणि हजेरीची वही मंडळाच्या हाती देतो म्हणाले आहेत. फक्त त्यातले ते एक नाव कोणी खोडू नये, असे त्यांनी बजावून सांगितले आहे.

यात पैशाचा खर्च खडू-फळ्याचा आणि दोन दिव्यांचा. यंदाच्या हळदीकुंकवाच्या वाणातून थोडे वाचवले तरी भागेल. एखाद्या वर्षी प्लॅस्टिकचा डबा न लुटता खडूची पेटी लुटली तर कोणाचे सौभाग्य कमी होणार नाही.

माझे बोलणे लांबले. मोठ्या भाषेत सांगता आले नाही, पण मनापासून सांगितले. अध्यक्षीणबाईंनी हा विषय आजच्याच सभेत ठरावाला घ्यावा, आणि ज्यांना पाळीत नाव द्यावयाचे असेल त्यांनी जाताना माझ्याकडे द्यावे. कागद-पेन्सिल मी बरोबर आणली आहे. सोमवारची पाळी माझी.